वाचकांचे प्रश्न : परीकथेतून नरसंहार

प्रश्न : नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराची कथा परीकथेच्या रूपात आठवीतल्या मुलीला द्यावी का? सत्य मवाळ होणार नाही ना? – एक पालक, दादर

उत्तर : मवाळ होतेच असे नाही. जेन योलेन यांच्या ‘ब्रायर रोझ’ (१९९२) या कादंबरीत आजी नातींना निद्रिस्त राजकन्येची गोष्ट सांगत राहते. तिच्या निधनानंतर एक नात त्या गोष्टीचा माग काढत पोलंडमधील खेल्म्नोपर्यंत पोहोचते, जिथे बंद मोटारींत विषारी वायू सोडून माणसे मारली गेली. धोका आहे तो गोष्टीतली राजकन्या जागी होण्यात; त्यामुळे तिथून कोणी स्त्री वाचली असावी, असे वाटू शकते. खेल्म्नोतून एकही स्त्री जिवंत सुटल्याचे आपल्याला ठाऊक नाही, असे लेखिकेनेच पुस्तकाअखेरीस नोंदवले आहे. ते पान मुलीसोबत आवर्जून वाचावे. मात्र पुस्तक (माझ्या मते) दहावीनंतर द्यावे.