सीक्वेलमध्ये जुनी थीम हवी असेल तर पात्रं कमी मागा

आवडत्या सुपरहिरो सिनेमाचा सीक्वेल, म्हणजे पुढचा भाग, येणार म्हटल्यावर चाहते म्हणून तुमच्या मागण्या चार आहेत : पहिल्या भागातला खलनायक परत यावा, संघात दोन नवे नायक यावेत, संगीतकार बदलला असला तरी नायकाची जुनी थीम, म्हणजे त्याची ओळख बनलेली धून, राहावी, आणि पहिल्या भागासारखी दोन-तीन गाजलेली जुनी गाणी असावीत. एकेक मागणी सुटी घेतली तर रास्त आहे. चारही एकत्र केल्या की त्या एकमेकींच्या मुळावर येतात, आणि त्यात पहिला बळी जातो थीमचा. तो कसा जातो ते आधी पाहू.

हिशेब मिनिटांचा आहे. सिनेमा 2 तास 20 मिनिटांचा धरा. क्रेडिट्सची 10 मिनिटं वजा केली की गोष्टीला 130 उरतात. शेवटची मोठी लढाई 25 खाते. राहिली 105. नायकाला त्यातली 45 तरी लागतात, पहिल्या भागातल्या घरच्या-मित्रमंडळींना मिळून 15, मुख्य खलनायकाला 20. झाली 80. नवा नायक नीट उभा करायचा तर किमान चार प्रसंग हवेत : ओळख, त्याची अडचण, नायकाशी खटका आणि त्याचा स्वतःचा एक निर्णय. प्रसंगाला तीन मिनिटं धरली तर माणशी 12, म्हणजे दोघांची 24. एकूण 104. हातात उरलं एक मिनिट, आणि तुमचा जुना खलनायक अजून दारातच उभा आहे! हे आकडे अर्थात ठोकताळ्याचे आहेत; पाच मिनिटं इकडची तिकडे करा, उत्तर फारसं बदलत नाही.

याचा संगीताशी संबंध असा. थीम प्रेक्षकाच्या कानात बसायची तर ती निदान एकदा मोकळी वाजावी लागते. संवाद नाही, स्फोट नाही, पडद्यावर ते पात्र आणि मागे 20-30 सेकंद फक्त ती धून. एकदा ती बसली की पुढे तिचे तुकडे केले, लय मंदावली, ती एकट्या पियानोवर आणली तरी ओळखू येते. पात्रं वाढली की सगळ्यात आधी हेच मोकळे अर्धे मिनिट कापले जाते, कारण एडिटच्या टेबलावर ते ‘काहीच घडत नाही’ असं दिसतं. संगीतकाराने प्रत्येक नव्या पात्रासाठी सुरेख थीम लिहिली असेलही. ती अल्बमवर ऐकू येईल, सिनेमात येणार नाही.

खलनायकांच्या गर्दीचं ठळक उदाहरण म्हणजे 2007चा ‘स्पायडर-मॅन 3’. सँडमन, व्हेनम आणि सूड घ्यायला निघालेला हॅरी, असे तिघे. 2004च्या दुसऱ्या भागात डॉक ऑक एकटा होता, म्हणून त्याचा प्रत्येक प्रवेश जाणवायचा. याउलट ‘द डार्क नाइट’ (2008) दोन खलनायक कसे सांभाळतो ते पाहा. दुसरा खलनायक टू-फेस हा आयत्या वेळी आणलेला नवा माणूस नाही. हार्वी डेंट सुरुवातीपासून गोष्टीत आहे, तोच बदलतो. ओळखीची मिनिटं आधीच खर्ची पडलेली असल्यामुळे दुसरा खलनायक जवळजवळ फुकटात मिळतो. पहिल्या खलनायकाला, जोकरला, संगीतकार हान्स झिमरने धून अशी दिलीच नाही. तारवाद्यांवर ताणत जाणारा, अस्वस्थ करणारा एक स्वर दिला. तो कुठल्याही संवादाखाली मावतो आणि जोकर दिसायच्या आधी येऊन बसतो.

म्हणून तुमच्या यादीत पहिली दुरुस्ती : दोन नवे नायक मागू नका, एकच मागा. दुसऱ्याच्या जागी पहिल्या भागातल्याच कुणा पात्राचा पालट मागा. जुना खलनायक हवाच असेल तर तो लढायला नको. तुरुंगातला एक प्रसंग, चार मिनिटं, आणि त्याच्या जुन्या थीमचे दोन स्वर. चाहत्यांना अनेकदा त्याच चार मिनिटांत जास्त मिळतं.

‘अहो, पण अॅव्हेंजर्सच्या एंडगेममध्ये इतकी पात्रं होती की!’ असं कुणीतरी म्हणेलच. होती. पण त्यांची ओळख करून देण्याचं काम आधीच्या वीसेक सिनेमांनी उरकून ठेवलं होतं. अॅलन सिल्व्हेस्ट्रीची अॅव्हेंजर्सची थीम 2012पासून प्रेक्षकांच्या कानात होती, म्हणून 2019च्या एंडगेममध्ये नायक परतताना जादूची दारं उघडतात तेव्हा सिल्व्हेस्ट्रीला लांब चढण बांधून ती थीम पूर्ण ताकदीने सोडता आली. दुसऱ्याच भागाच्या खात्यात एवढी शिल्लक नसते.

आता जुन्या थीमचं. संगीतकार बदलला म्हणजे थीम गेली, हा समज चुकीचा आहे. तसाच ‘हक्कांचा घोळ असेल’ हा समजही बहुतेक वेळा चुकीचा. हॉलिवूडच्या मोठ्या सिनेमांत पार्श्वसंगीत सहसा स्टुडिओसाठी करून दिलेलं काम असतं. मालकी स्टुडिओकडे जाते, मूळ संगीतकाराला त्याचं श्रेय आणि रॉयल्टीतला वाटा मिळत राहतो. म्हणजे त्याच स्टुडिओच्या पुढच्या भागात ती धून वापरायला कायद्याची अडचण फारशी नसते. ‘सुपरमॅन 2’चं संगीत केन थॉर्नने केलं, पण जॉन विल्यम्सच्या 1978च्या थीमवर. 2006च्या ‘सुपरमॅन रिटर्न्स’मध्ये जॉन ऑटमनने तीच आणली आणि 2025च्या ‘सुपरमॅन’मध्येही तिचे स्वर आहेत. वंडर वूमनची थीम 2016मध्ये झिमर आणि जंकी एक्सएल यांनी दिली. पुढच्याच वर्षी तिच्या स्वतंत्र सिनेमात रूपर्ट ग्रेगसन-विल्यम्सने ती पुढे नेली.

उलट उदाहरणंही आहेत. आयर्न मॅनच्या तीन भागांना तीन संगीतकार : रमीन जवादी, जॉन डेबनी, ब्रायन टायलर. थॉरच्या चार भागांत तर एकाही संगीतकाराने लागोपाठ दोन भाग केले नाहीत. इतका लोकप्रिय नायक, आणि त्याची ‘ती’ धून गुणगुणा म्हटलं तर दहा चाहते दहा वेगळ्या गोष्टी गुणगुणतील.

फरक पडतो तो बहुधा तीन ठिकाणी. एक म्हणजे दिग्दर्शकाला सलगता हवी आहे का. नवा दिग्दर्शक पुष्कळदा ‘माझा सिनेमा वेगळा वाटला पाहिजे’ म्हणून येतो आणि वेगळेपणा दाखवायची स्वस्त जागा म्हणजे संगीत. दुसरं, टेम्प ट्रॅक. एडिट चालू असताना खरं संगीत तयार नसतं, म्हणून एडिटर दुसऱ्या सिनेमांचं संगीत तात्पुरतं लावतो. दिग्दर्शक ते महिनोन्‌महिने ऐकतो, त्याच्या प्रेमात पडतो, आणि मग संगीतकाराला सांगितलं जातं : असंच काहीतरी दे. टेम्पमध्ये पहिल्या भागाचीच थीम लावली असेल तर ती वाचते. दुसऱ्याच कुठल्या सिनेमाची लावली असेल तर संपली. ऑटमन एक्स-मेन मालिकेत संकलनही करायचा आणि संगीतही. ‘एक्स 2’मधली त्याची थीम 2014च्या ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’मध्ये परतली याचं आश्चर्य वाटू नये, दोन्ही खुर्च्यांवर तोच होता.

तिसरं कारण जास्त तांत्रिक आहे आणि त्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. व्हीएफएक्सच्या, म्हणजे संगणकावर केलेल्या दृश्यपरिणामांच्या, सिनेमात दृश्यं अगदी शेवटपर्यंत कापली-जोडली जातात. आठ मात्रांचं आवर्तन पूर्ण करणारी लांब धून असेल आणि प्रसंगातून चार सेकंद गेले, तर धून मधेच तुटते. ती पुन्हा बांधावी लागते. सतत फिरणारा ठेका किंवा दोन-चार स्वरांचा तुकडा मात्र कुठेही कापता येतो. बॅटमनच्या थीम क्रमाने ऐकल्या तर हा प्रवास कानाला कळतो. डॅनी एल्फमनचा 1989चा तुकडा पाच स्वरांचा : सा, रे, कोमल ग, मग उडी मारून कोमल ध, आणि प. 2005च्या ‘बॅटमन बिगिन्स’मध्ये झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांच्याकडे उरतात दोनच स्वर, सा आणि कोमल ग. 2022मध्ये मायकेल जॅकिनोने पुन्हा चार स्वर घेतले आणि ते इतक्या चिकाटीने वाजवले की थिएटरबाहेर पडताना लोक तेच गुणगुणत होते. छोटी थीम म्हणजे आळस, असं म्हणू नका. ती एडिटमध्ये टिकते, आणि स्फोटांच्या दोन आवाजांमधल्या फटीतही ऐकू येते. लढाईच्या प्रसंगात खालच्या पट्टीतले ढोल-तंतुवाद्य इंजिनांच्या घरघरीत बुडून जातात. ब्रासवर, म्हणजे ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांवर, वाजलेले चार स्वर वर निघतात.

दुसऱ्या स्टुडिओची थीम मागत असाल तर मात्र परवानग्यांचा प्रश्न खरा आहे. पण तो प्रश्न नसला तरी पाहुण्या थीमला मर्यादा हवी. ‘स्पायडर-मॅन : नो वे होम’मध्ये जॅकिनोने आधीच्या दोन स्पायडर-मॅनच्या धुनांचे तुकडे आणले, ते कुठे आणले ते ऐका : ते-ते पात्र आल्यावर, काही सेकंद. पाहुण्याच्या थीमचा वापर असाच, चिमटीने व्हावा. तो दर पाच मिनिटांनी झाला तर चालू नायकाची धून बिचारी कोपऱ्यात जाते.

कधी थीम न वाजणं हेच उत्तर असतं. ‘ब्लॅक पँथर’मध्ये (2018) संगीतकार लुडविग योरानसनने नायक टचालाला टॉकिंग ड्रम हा आफ्रिकी ढोल दिला आणि खलनायक किलमाँगरला फुला ही आफ्रिकी बासरी, वाद्य ऐकूनच माणूस कळतो. टचालाची भूमिका करणाऱ्या चॅडविक बोसमनच्या निधनानंतर आलेल्या दुसऱ्या भागात सुरुवातीचा स्टुडिओचा लोगो नेहमीच्या वाजागाज्याशिवाय येतो. तिथे जुनी धून जोरात वाजवली असती तर टाळ्या पडल्या असत्या आणि प्रसंग मेला असता. वाद्यावरून एक मागणी सुचते : ‘जुनी थीम हवी’ असं म्हणण्याऐवजी ‘त्या पात्राचं वाद्य कायम ठेवा’ असं मागा. नव्या संगीतकारालाही ते जाचत नाही, त्याला हवी ती धून त्याच वाद्यावर करता येते.

गाण्यांचं गणित वेगळं आहे. आधीच ध्वनिमुद्रित झालेलं गाणं सिनेमात वापरायला दोन परवानग्या लागतात : शब्द-चालीच्या हक्कधारकाकडून सिंकची, आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाच्या मालकाकडून मास्टरची. दोन्ही बाजूंना वेगवेगळे पैसे, आणि कुणीही एक नाही म्हणाला तर मूळ रेकॉर्डिंग गेलं. पहिली मिळाली आणि दुसरी अडली तर दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेतात. सीक्वेलमध्ये ओळखीचं गाणं अनोळखी आवाजात आलं की त्यामागे कधी कल्पकता असते, कधी नुसती ही अडचण. पात्र पडद्यावर नाचणार किंवा ओठ हलवणार असेल तर परवानगी शूटिंगच्या आधीच हवी, कारण नंतर गाणं बदलता येत नाही. मागे नुसतं वाजणार असेल तर एडिटपर्यंत पर्याय मोकळे राहतात.

‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’मध्ये गाणी इतकी घट्ट का बसतात? दिग्दर्शक जेम्स गनने ती पटकथेतच लिहिली होती, आणि कथेत त्यांना एक वस्तू होती : नायकाला आईने दिलेली कॅसेट. पहिल्या भागात टायलर बेट्सचं काही पार्श्वसंगीतसुद्धा शूटिंगआधी तयार करून सेटवर वाजवलं गेलं. तुमच्या सिनेमाच्या पहिल्या भागात गाण्यांना असं कारण नसेल, ती नुसती मजेसाठी असतील, तर सीक्वेलमध्ये तीन मागू नका. प्रत्येक गाणं अडीच-तीन मिनिटं पार्श्वसंगीताकडून हिसकावून घेतं. एक मागा, आणि तेही कथेतल्या कुणा पात्राचं असू द्या.

ट्रेलरवरून निष्कर्ष काढू नका. ट्रेलर सहसा बाहेरच्या कंपन्या कापतात, संगीत वेगळीकडून घेतात, आणि पहिला टीझर येतो तेव्हा सिनेमाचं पार्श्वसंगीत बहुधा ध्वनिमुद्रितही झालेलं नसतं. ट्रेलरमध्ये जुनी थीम वाजली म्हणून ती सिनेमात असेलच असं नाही. नाही वाजली म्हणून गेली असंही नाही. त्यापेक्षा संगीतकाराचं नाव कधी जाहीर होतं ते पाहा. शूटिंगआधी झालं तर थीमवर विचार करायला वेळ आहे. प्रदर्शनाच्या तीन महिने आधी माणूस बदलला तर नव्याला आठवड्यांच्या हिशेबात दीड तासाचं संगीत लिहायचं असतं. मग तो ठेक्यांवर भागवणार, त्याला दोष देऊ नका.

तोवर एक काम करून ठेवा. पहिल्या भागाच्या अल्बममधला क्रेडिट्सचा तुकडा आधी ऐका. थीम तिथे सहसा सगळ्यात स्वच्छ वाजते. ती गुणगुणता येऊ लागली की सिनेमा पुन्हा लावा आणि ती कुठल्या मिनिटाला, कुणाच्या चेहऱ्यावर, कुठल्या वाद्यावर येते ते कागदावर लिहा. अल्बमचा क्रम आणि सिनेमाचा क्रम एकच असेल असं धरून चालू नका. तीन-चारच नोंदी झाल्या तर ती थीम पहिल्याच भागात नीट रुजली नव्हती; मग सीक्वेलमध्ये नवी येऊ द्या, तक्रार नको. दहा-बारा झाल्या तर आग्रह धरायला तुमच्याकडे आधार आहे. आणि सीक्वेल पाहताना शेवटच्या पाट्या संपेपर्यंत बसा : जुनी धून वापरली असेल तर गाण्यांच्या यादीच्या आसपास मूळ संगीतकाराचं नाव बारीक अक्षरांत बहुतेक सापडेल.