जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचे फोटो नंतर रंगवतात, मग त्यांचा उपयोग काय?
रंग नंतर देतात हे खरं, पण मनाला येतील तसे नाही. आणि मोजमाप होतं ते रंगीत चित्रावर नव्हे, मूळ कृष्णधवल फाइलवर. वेब मुख्यतः अवरक्त प्रकाश टिपते, तो डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून प्रत्येक फिल्टरमधून (तो ठराविक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडतो) घेतलेल्या फ्रेमला क्रमाने रंग लावतात: कमी तरंगलांबी निळी, जास्त ती लाल. २०२२ च्या कॅरिना तेजोमेघाच्या चित्रात ०.९ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीची फ्रेम निळी, ४.४ ची लाल आहे. कच्ची फाइल उघडलीत तर जवळजवळ काळीच दिसेल. उजळपणा ताणला की धूळ वर येते, शिवाय प्रखर ताऱ्यांच्या मधोमध काळे ठिपकेही (तिथे प्रकाश टिपणारा डिटेक्टर जास्त प्रकाशाने भरून गेलेला असतो). ते बुजवावे लागतात. मात्र किती ताणायचं हे करणाऱ्याच्या नजरेवर असतं, त्यामुळे चित्रातल्या लालीवरून तापमान ठरवू नका.