८ जीबी रॅम बसवली, तरी विंडोज '३.४१ जीबी युजेबल' का दाखवते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वसमतला महा ई-सेवा केंद्र चालवता, तिथल्या जुन्या लॅपटॉपात ४ जीबीच्या जागी ८ जीबी रॅम बसवून घेतली. विंडोज १० च्या 'अबाउट' पानावर '८.०० जीबी (३.४१ जीबी युजेबल)' दिसतं. दुकानदार म्हणतो रॅम ओके आहे. मग बाकीची गेली कुठं, आणि रॅम बदलून घ्यावी का?

दुकानदार बहुतेक खरं बोलतोय. नांदेडला चक्कर मारण्याआधी त्याच पानावर खाली 'सिस्टिम टाइप' अशी ओळ आहे ती वाचा. तिथं '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४-बेस्ड प्रोसेसर' असं असेल, तर रॅम आणि लॅपटॉप दोन्ही ठीक आहेत. अडचण आहे ती आत टाकलेल्या विंडोजची.

३२-बिट विंडोज प्रत्येक बाइटला ३२ बिटांचा पत्ता देते. असे पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे बरोबर ४ जीबी. शिवाय हे सगळे पत्ते रॅमच्या वाट्याला येत नाहीत. ग्राफिक्स, वायफाय, यूएसबी कंट्रोलर, बायोसची (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामची) चिप या सगळ्यांशी प्रोसेसर पत्त्यांवरूनच बोलतो आणि त्यांची जागा ४ जीबीच्या आतच, वरच्या टोकाला राखलेली असते. तुमचा हिशेब मांडून बघा. ३.४१ जीबी म्हणजे साधारण ३४९२ एमबी. ४०९६ मधून वजा केले की ६०४ एमबी उरतात. तेवढे पत्ते या उपकरणांनी आणि ग्राफिक्सने घेतले. ४ जीबीच्या वरची सगळी रॅम तर विंडोजच्या हिशेबातच येत नाही. म्हणजे ४ जीबी होती तेव्हाही आकडा असाच काहीतरी दिसत असणार, फक्त कुणी बघितला नसेल.

रिसोर्स मॉनिटरमध्ये 'मेमरी' टॅब उघडा. 'हार्डवेअर रिझर्व्हड' या राखाडी पट्टीवर ४७०० एमबीच्या आसपास आकडा दिसेल. नावावरून वाटतं तसं हार्डवेअरने ४७०० एमबी वापरलेली नाही. विंडोजच्या हाती न लागलेली सगळी रॅम या एका पट्टीत टाकलेली असते.

इंटरनेटवर एक 'पॅच' फिरतो, तो टाकला की ३२-बिट विंडोजलाच पूर्ण ८ जीबी दिसते म्हणतात. तांत्रिकदृष्ट्या पीएई नावाच्या सोयीने ३२-बिट प्रोसेसर ३६ बिटांचे पत्ते वापरू शकतो, आणि ३२-बिट लिनक्स ती नीट वापरतंही. मायक्रोसॉफ्टने मात्र एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून घरगुती विंडोजला ४ जीबीच्या वरचे पत्ते मुद्दाम बंद केले, कारण बरेच ड्रायव्हर (उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम) त्या पत्त्यांवर गडबडून मशीन पाडत होते. तुमच्याकडे लोकांची आधारची कागदपत्रं आणि उत्पन्नाचे दाखले असतात. विंडोजची मूळ फाइल बदलणारा पॅच तिथं टाकूच नका.

खरा उपाय म्हणजे ६४-बिट विंडोज. ३२ वरून ६४ वर 'अपग्रेड' होत नाही, नव्यानेच टाकावी लागते. प्रोसेसर आठव्या पिढीचा इंटेल किंवा त्यापुढचा असेल आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर सरळ विंडोज ११ टाका. ती ६४-बिटमध्येच येते. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आहेत. मशीनचा प्रोसेसर आठव्या पिढीहून जुना असेल तर विंडोज १० ची ६४-बिट प्रत टाकता येते. एडिशन तीच ठेवली, म्हणजे होमच्या जागी होम किंवा प्रोच्या जागी प्रो, तर आधीचं लायसन्स त्याच मशीनवर चालतं. नवीन की विकत घ्यायची गरज नाही.

फॉरमॅटला हात लावण्याआधी ड्रायव्हर शोधून ठेवा, कारण केंद्र अडतं ते इथंच. अंगठ्याचं मशीन, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, स्कॅनर आणि प्रिंटर या प्रत्येकाचा ६४-बिट ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर अजिबात चढत नाही, त्याला पळवाट नाही. साधे ३२-बिट प्रोग्राम चालतात. १६-बिटचे फार जुने प्रोग्राम मात्र चालणार नाहीत. मराठी टायपिंगचं एखादं पुराणं सॉफ्टवेअर वापरत असाल तर हे आधी तपासा, आणि त्याचे फॉन्ट सी ड्राइव्हमधून कॉपी करून ठेवा. नाहीतर जुन्या फाइली उघडतील, पण अक्षरं भलतीच दिसतील.

मग किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने प्रत बनवा. विंडोज १० असेल तर आर्किटेक्चरमध्ये '६४-बिट' निवडायला विसरू नका. पेनड्राइव्हवरून बूट करून 'कस्टम' निवडा आणि फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करा. विंडोज १० टाकताना या टप्प्यावर बऱ्याच जणांना 'डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे' (म्हणजे डिस्कचे भाग जुन्या पद्धतीने पाडलेत) अशी अडवणूक दिसते. घाबरून सगळी पार्टिशनं उडवू नका, डी ड्राइव्हचा डेटा जाईल. जुनी ३२-बिट विंडोज बहुतेक वेळा लेगसी, म्हणजे जुन्या बूट पद्धतीने टाकलेली असते आणि तुम्ही पेनड्राइव्ह यूईएफआय या नव्या पद्धतीने बूट केलेला असतो, एवढंच. रीस्टार्ट करा आणि बूट मेनूत ज्या ओळीत यूईएफआय लिहिलेलं नाही, ती पेनड्राइव्हची ओळ निवडा. ती ओळ दिसत नसेल तर बायोसमध्ये लेगसी बूट चालू करावं लागेल. आणि लॅपटॉपची बॅटरी उतरलेली असेल तर हे काम इन्व्हर्टरवर करा. मध्येच लाइट गेली की इन्स्टॉलेशन पहिल्यापासून करावं लागतं.

६४-बिट झाल्यावर बरोबर ८.०० ची अपेक्षा ठेवू नका. इंटेलच्या साध्या ग्राफिक्सवर ७.८ ते ७.९ दिसणं नॉर्मल आहे. एएमडीच्या ग्राफिक्सवर मात्र बायोस स्क्रीनसाठी आधीच ठरावीक रॅम कापून घेतो. ५१२ एमबी कापली तर ७.४ च्या आसपास आणि २ जीबी कापली तर ५.९ च्या आसपास दिसते. बायोसमध्ये 'यूएमए फ्रेम बफर' असा पर्याय असेल तर तो ५१२ एमबीवर आणा. फॉर्म भरणे, स्कॅन करणे, पीडीएफ बनवणे याला तेवढं पुष्कळ आहे. काही कंपन्या हा पर्याय लपवून ठेवतात, मग काही करता येत नाही. टास्क मॅनेजरमधल्या 'शेअर्ड जीपीयू मेमरी' या आकड्याची मात्र काळजी करू नका. ती गरज पडली तरच घेतली जाते, आधीपासून वजा नसते.

आता समजा 'सिस्टिम टाइप'मध्ये आधीपासूनच ६४-बिट लिहिलेलं आहे. मग आधी एमएसकॉन्फिग हे विंडोजचं सेटिंगचं टूल उघडा, 'बूट' टॅब, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', आणि तिथल्या 'मॅक्झिमम मेमरी'समोरची टिक काढून रीस्टार्ट करा. 'लॅपटॉप फास्ट करा' छापाचे व्हिडिओ बघून लोक तिथं ४०९६ भरतात. त्या चौकटीने रॅम वाढत नाही, तिच्यावर मर्यादा बसते.

तरीही अर्धीच दिसत असेल तर रॅम बसते ती खाच किंवा तिथला संपर्क बघायचा. रॅमच्या दोन पट्ट्यांतली एक नीट बसली नसली तर विंडोज एकूण ८ दाखवते आणि युजेबल ३.९ च्या आसपास. शिफ्ट दाबून शटडाउन करा, चार्जर आणि बॅटरी काढा, पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. आतली बॅटरी असेल तर तिचा कनेक्टर सोडवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून आधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर सारल्या की पट्टी वर उचलली जाते. सोनेरी टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोडरबर वापरायचाच तर अगदी हलक्या हाताने, आणि त्याचा भुगा खाचेत पडू देऊ नका. पट्टी तिरकी, साधारण ३० अंशांत, पूर्ण आत सारून खाली दाबा, क्लिपांचा 'टक' आवाज आला पाहिजे. मग एकेक पट्टी दोन्ही खाचांत आळीपाळीने लावून बघा. ज्या खाचेत कुठलीच पट्टी दिसत नाही ती खाच खराब, आणि जी पट्टी कुठेच दिसत नाही ती पट्टी खराब. पट्टी खराब निघाली तरच दुकानदाराकडे जा.

आणखी रॅम घ्यायची असेल तर काही मर्यादा लक्षात ठेवा. इंटेलच्या ९४५ चिपसेटवाल्या (चिपसेट म्हणजे प्रोसेसरला रॅमशी जोडणाऱ्या चिपा) लॅपटॉपात ६४-बिट टाकूनही आकडा ३.२ जीबीच्या पुढे सहसा जात नाही, कारण अडलेली रॅम ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांवर हलवायची सोय त्या चिपसेटमध्येच नाही. विंडोज ७ होम बेसिक ६४-बिट असूनही ८ जीबीवर थांबते आणि होम प्रीमियम १६ वर. होम बेसिक भारतात भरपूर खपली आहे, त्यामुळे सेकंडहँड मशीनमध्ये ती हमखास सापडते. इंटेलच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच्या लॅपटॉपला ८ जीबीची पट्टी घेताना तिच्यावर दोन्ही बाजू मिळून १६ चिपा आहेत का ते मोजा. ८ चिपांची पट्टी अशा मशीनवर बहुधा ओळखलीच जात नाही. चौथ्या पिढीपासून डीडीआर३ प्रकारची रॅम लागणाऱ्या बहुतेक लॅपटॉपांना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल हवी असते, साधी १.५ व्होल्टची लावली तर मशीन सुरूच होत नाही.

'सिस्टिम टाइप'ची ओळ आणि लॅपटॉपचं मॉडेल इथं लिहा, तुमच्या मशीनला कुठली पट्टी चालेल ते नेमकं सांगतो.