जुना आयपॉड घेताना
भाऊ, २००१ चा पहिला, ५ जीबीचा आयपॉड स्वस्तात मिळतोय म्हणून लगेच पैसे मोजू नको. तो फक्त फायरवायरवर (यूएसबीपेक्षा वेगळ्या, जुन्या प्रकारच्या केबल-पोर्टवर) चार्ज होतो, यूएसबीचं नावही काढू नको. केबल-चार्जर सोबत असेल तरच बोलणी पुढे ने. आत १.८ इंची फिरती हार्ड डिस्क आहे. कानाला लावून ऐक. हलकी घरघर चालेल, टकटक आली की सरळ परत दे, मग विकणारा काहीही सांगो. बॅटरी बदलायचा खर्च धरूनच भाव कर. आणि आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत अजिबात ठेवू नको, उन्हाने बॅटरी फुगते. नुसती गाणीच ऐकायची असतील (शोकेसमध्ये ठेवायचा नसेल) तर २००४ चा चौथ्या पिढीचा बघ, तो यूएसबीवर चार्ज होतो.