इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप असताना सिमेंटसाठी एक्स-रे मायक्रोस्कोप कशाला?

तुम्ही विचारलंय की इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून सिमेंटचा कण हवा तेवढा मोठा दिसतो, मग एक्स-रे मायक्रोस्कोपचा खटाटोप का करायचा? मी पीएच.डी. सिमेंटच्या हायड्रेशनवर, म्हणजे पाण्याशी होणाऱ्या क्रियेवर केली, त्या अनुभवावरून सांगतो. मोठं दिसण्याचा प्रश्नच नाही, ओलं असताना दिसण्याचा आहे.

स्लॅबवर आपण दिवसेंदिवस पाणी मारतो, कारण सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी क्रिया होऊन घट्ट होतं. नेहमीच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला मात्र निर्वात पोकळी लागते, म्हणून नमुना वाळवावा लागतो. वाळवला की सी-एस-एच जेल (कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, सिमेंटला बांधून ठेवणारा मुख्य पदार्थ) आक्रसतं, या क्रियेत बनणाऱ्या एट्रिंगाइट नावाच्या खनिजाच्या स्फटिकातलं पाणी निघून जातं. जे बघायचं तेच आधी बिघडवून बसतो.

साधारण 284 ते 543 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे सॉफ्ट एक्स-रे पाण्याच्या पातळ थरातून बऱ्यापैकी आरपार जातात. या पट्ट्याला ‘वॉटर विंडो’ म्हणतात. आणि सिमेंटचा जीव असलेलं कॅल्शियम हे किरण शोषतं ते 350 च्या आसपास, म्हणजे नेमकं याच खिडकीत! मला याचं आजही अप्रूप वाटतं. ऊर्जा जराजराशी बदलत एकाच जागेची चित्रं घेतली, की शोषणाच्या शिखरांच्या ठेवणीवरून तिथलं कॅल्शियम कार्बोनेटमधलं आहे की सी-एस-एचमधलं, हे कळू शकतं.

नमुना करणं हे नाजूक काम. सिलिकॉन नायट्राइडचे जेमतेम 100 नॅनोमीटर जाडीचे दोन पडदे घ्यायचे आणि त्यांच्यामध्ये सिमेंट कालवलेल्या पाण्याचा एक थेंब दाबायचा. साधं पाणी चालत नाही. चुना आणि जिप्सम विरघळवून संपृक्त केलेलं घ्यावं लागतं, म्हणजे खऱ्या सिमेंटच्या छिद्रांतल्या द्रावणाशी थोडं जुळतं. थर काही मायक्रॉनपेक्षा जाड झाला की चित्र काळं. जमलं, की कणाच्या कडेला बारीक काटे फुटलेले दिसतात.

पण साइटवर पाणी सिमेंटच्या निम्म्याहून कमी असतं, इथे ते सिमेंटच्या कितीतरी पट असतं. त्यामुळे इथे दिसलेला क्रियेचा वेग जसाच्या तसा काँक्रीटला लावू नका. शिवाय किरणांनीही नमुना बिघडू शकतो.

या कामात अमेरिकेतल्या बर्कलीच्या अ‍ॅडव्हान्स्ड लाइट सोर्स या सिंक्रोट्रॉनवरचं (तीव्र एक्स-रे देणाऱ्या यंत्रावरचं) पाउलो मोंतेरो यांच्या गटाचं संशोधन जरूर वाचा. नेपल्सजवळच्या बाइए बंदरातलं दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन काँक्रीटही तिथल्या किरणांखाली तपासलं गेलं आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमयुक्त टोबरमोराइट (सी-एस-एचसारखंच, पण स्फटिकरूप खनिज) सापडलं.

तुम्हाला घट्ट झालेल्या सिमेंटमधल्या भेगा आणि छिद्रं बघायची असतील, तर इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर इमेजिंगची बीमलाइन (किरण नमुन्यापर्यंत आणून प्रयोग करायची जागा) आहे. तिथे हार्ड, म्हणजे जास्त ऊर्जेच्या एक्स-रेंनी नमुना न कापता त्रिमितीय चित्र मिळतं, वर सांगितलेलं कॅल्शियमचं रसायन मात्र त्यातून कळत नाही.