अ‍ॅपलाचियन डल्सिमरवर (मांडीवर ठेवून वाजवायच्या अमेरिकी तंतुवाद्यावर) आगमनकाळाचे, म्हणजे नाताळपूर्वीच्या आठवड्यांतले, कोणते पारंपरिक गीत नवशिक्याला जमेल?

‘ओ कम, ओ कम, इमॅन्युएल’ हे गीत घ्यावे, कारण पंधराव्या शतकातील फ्रेंच हस्तलिखितात आढळणारी त्याची उदास, मायनर वळणाची चाल या वाद्याला विलक्षण शोभते. खर्जाची तार डी, मधली ए आणि वादकाच्या बाजूची, म्हणजे चालीची तार सी स्वरात लावली की षड्ज पहिल्या पडद्यावर येतो आणि संपूर्ण चाल मोकळ्या तारेपासून सातव्या पडद्यापर्यंत, एकाच सप्तकात सामावते. उरलेल्या दोन तारा तानपुऱ्यासारखा अखंड आधारस्वर देतात. ताल मात्र घट्ट धरू नये. शब्दांच्या ओघाप्रमाणे तार छेडावी, आणि ध्रुवपदातील ‘रिजॉइस’ (आनंद करा) या शब्दाच्या दीर्घ स्वरांवर, माझ्या मते, घाई मुळीच करू नये.