टर्बो उतरवण्याआधी नळ्या बघ

दुसरा टर्बो लागत नाही म्हणून लगेच टर्बो खोलायला घेऊ नकोस रे. माझदाच्या एफडी आरएक्स-7 या गाडीत दोन टर्बो एकामागून एक लागतात, दुसरा साधारण 4500 आरपीएमला. बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब, 10 पीएसआयवरून क्षणभर 8 वर उतरून परत 10 वर यायला हवं. वर येतच नसेल तर पहिला संशय व्हॅक्यूमच्या नळ्यांवर, टर्बोची अदलाबदल त्यांच्यावरच चालते. इंजिनाच्या उष्णतेने त्या इतक्या कडक होतात की वाकवली की तुकडा हातात.

नळी ओढून काढू नकोस! सोलेनॉइडची (विजेवर चालणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हची) प्लास्टिकची तोटीच तुटून येते, आणि तो पार्ट म्हापशात शोधत बसशील. ब्लेडने उभी चीर दे, मग सालीसारखी सोल. एका वेळी एकच नळी, फोटो काढून. वन-वे व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून बघ, हवा एकाच बाजूने गेली पाहिजे. नवीन नळी सिलिकॉनची घे. पेट्रोलच्या लाइनला मात्र ती चालत नाही, फुगते.

आणि हे काम पावसाळ्यात काढू नको. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत उघडे कनेक्टर लगेच हिरवे पडतात.

पहिल्या फेरीत नजर बूस्ट मीटरवर ठेव. काटा 12 च्या वर गेला की पाय काढ. अपेक्स सील (रोटरच्या टोकावरचं सील) गेलं तर अख्खं इंजिन उघडावं लागेल.